पांढरी चादर, १६० वॅटचा दिवा आणि माझी सही

गेल्या वर्षी फेब्रुवारीत लेडीज हॉस्टेलमधून ऑफिसला एक अर्ज गेला. 'लायब्ररी ते हॉस्टेल या रस्त्यावर रात्री पुरेसा उजेड नसल्याने विद्यार्थिनींची गैरसोय होते, तरी दिवे बसवण्यात यावेत ही नम्र विनंती.' खाली एकशे बारा सह्या. त्यातली चौथी सही माझी.

त्या सहीचा मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचून 'हिला आता मुलींपेक्षा किड्यांची काळजी जास्त!' असं कुणीतरी म्हणणारच. (म्हणून झालंय. मेसमध्ये, पोहे खाताना.) सबमिशनच्या दिवसांत लायब्ररी साडेदहाला बंद होते, तिथून हॉस्टेलचं गेट सात-आठ मिनिटांवर, आणि मधला कॅन्टीनमागचा पट्टा म्हणजे मिट्ट काळोख. त्या पट्ट्यात मोबाइल कानाला लावून खोटं खोटं बोलत जाणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. मी स्वतः तशी गेले आहे. तेव्हा दिवे हवेतच होते. माझं भांडण आहे ते जे दिवे आले त्यांच्याशी. आणि ते भांडण मला सुचलं एका चादरीमुळे, म्हणून आधी चादरीची गोष्ट.

जूनमध्ये पीएल चालू होती. निसर्ग मंडळातला मेकॅनिकलचा एक सीनिअर हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवून गेला, 'इलेक्ट्रिकलचं कुणी आहे का? एक दिवा जोडायचा आहे.' मी फक्त दिवा जोडायला गेले होते, शप्पथ! पतंग, पाकोळ्या यांच्याशी माझा तोवरचा संबंध म्हणजे पावसाळ्यात खोलीत शिरल्या की ट्यूब बंद करून ओरडायचं, एवढाच.

दिवा मात्र मजेशीर निघाला. १६० वॅटचा ब्लेंडेड मर्क्युरी लॅम्प, जुन्या स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला. आत क्वार्ट्झची छोटी नळी, तिच्यात पाऱ्याच्या वाफेतून आर्क, आणि चोकच्या जागी सिरीजमध्ये टंगस्टनची फिलामेंट. म्हणजे चोक नको, कपॅसिटर नको. साधा होल्डर आणि एक्स्टेन्शन बोर्ड असला की काम भागतं. पाऱ्याच्या या उजेडात ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण असतात. आपल्याला ते दिसत नाहीत, बऱ्याच निशाचर कीटकांना दिसतात. म्हणून हा दिवा पतंगवाल्यांचा लाडका. (आपल्याला दिसत नसले तरी डोळ्यांना ते त्रास देतात. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, हा पहिला नियम.) मिनामाता करारानुसार असे दिवे नेहमीच्या प्रकाशयोजनेसाठी बनवणं २०२० नंतर बंद करायचं ठरलं. त्यामुळे हळूहळू पतंगवालेसुद्धा अतिनील एलईडीकडे वळतायत. आमच्याकडे होता तो मात्र जुना भिडू.

रेक्टर मॅडमची परवानगी काढताना अर्जात 'कीटक-सर्वेक्षण' असा भारदस्त शब्द घातला, तेव्हा कुठे एक मॅडम सोबत असतील या अटीवर बारापर्यंत बाहेर थांबता आलं. मेसमागे, टेकडीच्या पायथ्याशी दोन सुबाभळींच्या मधे दोरी बांधली, दोरीवर हॉस्टेलची पांढरी चादर, चादरीपुढे दिवा. अमावास्या मुद्दाम निवडली होती, कारण चांदण्यात कमी कीटक येतात. वारा नको, हवा दमट हवी, आदल्या दिवशी पाऊस झालेला असला तर सोन्याहून पिवळं. कानात कापसाचे बोळे घालायचे. मी हसले होते. पाऊण तासाने एक भुंगेरा कानावर येऊन आपटला, मग मुकाट्याने घातले.

आठपर्यंत चादरीवर नुसती चिलटं. साडेनऊला तिच्यापुढे निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डापुढे असते तशी गर्दी! वाळलेल्या पानासारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे, झाडाच्या सालीसारखे पतंग. एक तर हुबेहूब मोडक्या काडीसारखा. लाल-काळ्या नक्षीचे टायगर मॉथ. पंख काचेसारखे थरथरवत येणारा हॉक मॉथ. त्यांच्या मागोमाग त्यांना खायला आलेले खंडोबाचे किडे, चादरीच्या काठावर दबा धरून बसलेली पाल, वर घिरट्या घालणारी वटवाघळं. सुबाभळीच्या फांदीवर एक पिंगळासुद्धा येऊन बसला आणि मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला. वहीत आम्ही ६३ वेगवेगळे पतंग मांडले. नाव फक्त १९ जणांना देता आलं, तेही फोटो आयनॅचरॅलिस्टवर टाकून, जाणकारांनी सांगितल्यावर.

यात आमच्या अज्ञानाचा वाटा मोठा, पण सगळा नाही. भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण तेराशे-चौदाशे. पतंगांच्या दहा हजारांच्या वर. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंगांना मात्र सामान्यज्ञानाच्या पुस्तकातसुद्धा जागा नाही. जॉर्ज हॅम्पसन हा निलगिरीत चहाचा मळा करायला आलेला इंग्रज. भारतातल्या पतंगांवरचे त्याचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले आणि अभ्यासक आजही ते उघडतात. पपईचं परागीभवन प्रामुख्याने रात्री उडणारे हॉक मॉथ करतात, हे मला त्या रात्री कळलं. घरच्या परसात पपई असून!

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो वहीत चिकटवून खाली लिहिलं गेलं, की खराखुरा 'बग' सापडण्याची ही पहिलीच वेळ. 'बग' हा शब्द त्याआधीही एडिसनच्या पत्रात आहे, त्यामुळे तो शब्द या पतंगावरून आला ही ऐकीव कथा खोटी. पण ती वही आणि तो पतंग खरे आहेत. बिचारा कदाचित उजेडाला आला असेल आणि नाव झालं ते डोकेदुखीचं.

हां, तर त्या रात्री सव्वादहाला लाईट गेली. चादर, मेस, दोन्ही हॉस्टेलं, सगळं एकदम काळं. हॉस्टेलमधून नेहमीचा 'हो ऽ ऽ' झाला. ब्लेंडेड लॅम्पची एक खोड अशी, की लाईट आली तरी नळी थंड झाल्याशिवाय आर्क पुन्हा लागत नाही. त्यामुळे आम्ही तसेच बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी डोळे सरावले आणि मला चक्क रस्ता दिसायला लागला. टेकडीची कड दिसली. कुंपणाच्या घाणेरीत काजवे होते, ते किती वेळ तिथे होते कुणास ठाऊक! बॅटरीवर लाल कागद लावून चादरीकडे बघितलं, तर मघापासून वेड्यासारखे गोल गोल फिरणारे पतंग शांत बसले होते, आणि एकेक करून उठून सरळ रेषेत निघून जात होते. जणू एखाद्याच्या कानात ओरडणारा माणूस अचानक गप्प झाला.

पण खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं, की त्या अंधारात मला एकटीला हॉस्टेलवर परत जायला सांगितलं असतं तर मी गेले नसते.

पतंग दिव्यावर का येतात? आपल्याकडे त्याचं उत्तर शेरोशायरीने केव्हाच देऊन टाकलंय: प्रेम! विज्ञानाची जुनी उत्तरं अशी, की ते दिव्याला चंद्र समजतात किंवा दिव्याच्या उष्णतेकडे ओढले जातात. जानेवारी २०२४ मध्ये सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. त्यांनी हायस्पीड कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं, आणि निघालं ते असं, की बहुतेक कीटक दिव्याकडे येतच नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा थोडं तरी उजळ असतं. त्यामुळे 'उजेड जिकडे तिकडे पाठ' एवढा एकच नियम पाळला, की पोट आपोआप जमिनीकडे राहतं आणि उडणं सरळ होतं. कोट्यवधी वर्षं हा नियम बिनचूक चालला. मग आपण खांबावर दिवा लावला. दिवा बाजूला आला की कीटक तिरपा होतो आणि दिव्याभोवती घिरट्या घालत बसतो. दिवा खाली असला की तो उलटा होऊन चक्क पडतो. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर लूप ठणठणीत आहे, सेन्सर ठणठणीत आहे, रेफरन्स आपण बिघडवला. (या अभ्यासात दिव्याला फारशी दाद न देणारे जे अपवाद निघाले त्यांत कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉक मॉथ आहे. अ‍ॅडमिन बिल्डिंगपुढच्या कण्हेरींवर शेपटीला काटा असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली, तर माळीकाकांना सांगून वाचवा.)

हे वाचल्यावर मला दिव्याचे वॅट मोजण्यापेक्षा दिव्याचं तोंड कुठे आहे हे बघायची सवय लागली. आणि नेमके ऑगस्टमध्ये आपले दिवे आले.

आले ते आठ फ्लडलाइट. रस्त्यासाठी असतात ते स्ट्रीटलाइट नव्हेत, ग्राउंडवर मॅचसाठी लावतात तसले. शुभ्र निळसर उजेड, खोक्यावर ६५०० के लिहिलेलं. आणि बसवले ते आडवे, जवळजवळ समोर तोंड करून, कारण 'लांबपर्यंत जातो ना उजेड'. जातो खरा. लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीच्या भिंतीपर्यंत जातो. टेकडीवरच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत जातो. संध्याकाळी साडेसहापासून सकाळी सहापर्यंत जातो.

आता खरी गंमत. सप्टेंबरमध्ये मी लॅबमधून लक्समीटर मागून घेतला आणि मैत्रिणीला सोबत घेऊन तो रस्ता चालले. खांबाखाली ५४ लक्स. दोन खांबांच्या बरोबर मधे २. आणि कॅन्टीनमागचा तो पट्टा, ज्याच्यासाठी आम्ही एकशे बारा जणींनी सह्या केल्या होत्या, तिथे मीटर शून्याच्या आसपास डुगडुगत होता, कारण तिथे खांबच नाही! उलट समोरच्या फ्लडलाइटने डोळे असे दिपतात, की त्या सावलीत काही म्हणजे काही दिसत नाही. गुलमोहराखाली वॉचमनकाका खुर्ची टाकून बसले होते, ते मला तीन हातांवर येईपर्यंत दिसले नाहीत. मी दचकून ओरडले, काकाही ओरडले. काका होते म्हणून हसण्यावारी गेलं.

म्हणजे आम्ही सुरक्षितता मागितली आणि आम्हाला चकचकाट मिळाला. तो उजेड ना आमच्या कामाचा, ना पतंगांच्या.

त्याच महिन्यातल्या अमावास्येला आम्ही पुन्हा चादर लावली. तीच जागा, तोच दिवा. वहीत २१ पतंग आले. मंडळातल्या एकाने लगेच पोस्टर बनवायला घेतलं: 'फ्लडलाइटमुळे कॅम्पसमधले दोन-तृतीयांश पतंग नष्ट!' मी नाही म्हटलं. बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं साधं होतं. जून वेगळा, सप्टेंबर वेगळा. पहिल्या पावसानंतर निघणारे कीटक सप्टेंबरात नसतात. त्या रात्री वारा होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एवढे मोठे दिवे शेजारी असताना आमच्या १६० वॅटची चादर फिकीच पडणार. पतंग मेले नसतील, फ्लडलाइटकडे गेले असतील किंवा नुसतेच आमच्याकडे आले नसतील. चादरीवर आले ते म्हणजे कॅम्पसमधले सगळे, असं नसतंच. दोन रात्रींच्या आकड्यांवरून 'नष्ट' लिहायचं म्हणजे जर्नलमध्ये ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करण्यासारखं. ते आपण सगळे करतो, मीही केलंय. पण चादरीवर कुणी मार्क देणार नव्हतं, मग इथे कशाला खोटं?

पोस्टर झालं नाही. काही जण अजून माझ्यावर नाराज आहेत.

जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेवढं मात्र सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या खांबाखाली अ‍ॅटलास मॉथ पडलेला होता. तळहाताहून मोठा, पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखी नक्षी. एक पंख फाटलेला, जीव थोडा शिल्लक, आणि बाजूला कोतवाल पक्षी वाट बघत बसलेला. या पतंगाला मोठेपणी खायला तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा, फार तर दोन आठवडे काढायचे, आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा. मादी गंध सोडते, नर त्या गंधाच्या मागावर अंधारात फिरतो. ज्याच्या हातात एकूण सात-आठ रात्री आहेत त्याने त्यातली एक खांबाभोवती घालवली, तर ती आपल्या हिशेबात किती वर्षं झाली, ते कॅल्क्युलेटरवर करून बघा.

आता कुणी म्हणेल, तुम्ही तरी काय वेगळं करता? तुमची चादर म्हणजेही सापळाच. बरोबर आहे. म्हणूनच ती महिन्यातून एकदा लावायची, मध्यरात्रीपूर्वी दिवा बंद करायचा आणि चादर हळूच झटकून, बसलेल्यांना झाडाझुडपांत सोडून मगच निघायचं. नाहीतर सकाळी बुलबुल आणि कोतवाल यांची पंगत बसते.

हा वेळेचा हिशेब मला खरं तर बाबांनी शिकवला, आणि बाबांना पतंगांचं काडीचं कौतुक नाही. आमचा ऊस आहे. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात; त्यांच्या अळ्या पुढे उसाची मुळं खातात. त्यासाठी आमच्या बांधावर प्रकाश सापळा असतो. एक दिवा, खाली पसरट टोपलं, त्यात पाणी. पूर्वी वरून रॉकेल घालायचे, आता रॉकेल मिळत नाही म्हणून कीटकनाशकाचे थेंब. तो दिवा बाबा अंधार पडल्यापासून दोन-अडीच तास लावतात आणि मग स्वतः जाऊन बंद करतात. 'रातभर राहू दे की,' असं मी लहानपणी म्हटल्यावर म्हणाले होते, 'सगळंच किडं वैरी नसतं गं. वैऱ्याची येळ संपली की दिवा काढायचा.' मुद्दाम मारायला लावलेल्या दिव्यालासुद्धा माझ्या शेतकरी बापाने वेळ ठरवून दिली आहे. आणि इंजिनिअरिंग कॉलेजमधला दिवा, ज्याला कुणालाच मारायचं नाही, तो साडेअकरा तास जळतो. पहाटे तीनला त्या रस्त्यावर कोण असतं? एक कुत्रं, आणि तेही सावलीत झोपलेलं.

असं नाही की दुसरा मार्ग कुणी काढलेला नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. गावं अंधारात ढकलली नाहीत, दिव्यांची तोंडं खाली केली. मुख्य हेतू आकाशातले तारे दिसावेत हा होता, पण फायदा सगळ्याच रात्रीच्या जिवांना. एलईडी वाईट, असंही मी म्हणत नाही. त्यात अतिनील जवळजवळ नसतो, त्या दृष्टीने तो जुन्या मर्क्युरीपेक्षा बराच. पण पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळा डायोड असतो, आणि ६५०० केमध्ये निळा भाग भरपूर. २७०० ते ३००० केचा पिवळसर दिवा घेतला तर तो भाग कमी होतो. स्वस्तात पडतो म्हणून आपण जुन्या एका दिव्याच्या विजेत नवे तीन लावतो आणि वर 'ऊर्जा बचत' म्हणून बोर्ड लावतो, यावर मात्र माझा राग आहे.

आणि सेन्सर? दरवर्षी आपल्याकडे मिनी प्रोजेक्टला निदान चार ग्रुप 'ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट' करतात. थर्माकोलचा रस्ता, खेळण्यातली गाडी, एलडीआर, आयआर सेन्सर, रिले. गाडी पुढे ढकलली की पुढचा एलईडी लागतो, मागचा विझतो. एक्स्टर्नल खूश होतात, चोवीस-पंचवीस मार्क पडतात, आणि थर्माकोलचा रस्ता पुढच्या वर्षीपर्यंत लॅबच्या कपाटावर जातो. गेल्या वर्षी मीही तो बनवला आहे! खऱ्या रस्त्यावर, खऱ्या खांबावर, कुणी चालत आलं की पूर्ण उजेड आणि एरवी मंद, असं एका तरी ग्रुपने करून दाखवायला काय हरकत आहे? मी स्वतः सुरुवात केली आहे. एक पीआयआर सेन्सर पावसाच्या पाण्याने गेला, दुसरा कुत्र्यालाही दिवा लावतो. चालायचंच.

डिसेंबरमध्ये मी ऑफिसला दुसरा अर्ज दिला. फ्लडलाइटचं तोंड जमिनीकडे वळवून त्यांना वरून आडोसा करावा. कॅन्टीनमागे दोन लहान, पिवळ्या उजेडाचे खांब उभे करावेत. आणि रात्री बारानंतर एकाआड एक दिवा बंद ठेवावा. लक्समीटरची रीडिंग सोबत जोडली, अ‍ॅडजस्ट न करता. सह्या गोळा करताना एका ज्युनिअरने विचारलं, 'ताई, मागच्या वेळी तर दिवे मागितले होते ना?' तिला हात धरून कॅन्टीनमागे नेलं. आल्यावर तिने सही केली. यावेळी छप्पन्न झाल्या. इनवर्डचा शिक्का मिळाला आहे. पहिल्या अर्जाला सहा महिने लागले होते.

पुढची चादर जूनमध्ये, पहिल्या पावसानंतरच्या अमावास्येला, त्याच दोन सुबाभळींच्या मधे. कापूस आपापला आणावा.